आवाज तिचा, गाणं कुणाचं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

१९५३ सालची गोष्ट. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात डेटन नावाचं शहर आहे. तिथं एक गायिका मोटारीतून थिएटरकडे निघाली होती. तिनं सहज गाडीतला रेडिओ लावला. निवेदक सांगत होता, की सध्या देशभर गाजत असलेली एक रेकॉर्ड आता ऐका. मग त्यानं गाण्याचं आणि गायिकेचं नाव घेतलं. ते नाव तिचंच होतं! ध्वनिमुद्रणाला काही महिने उलटून गेले होते आणि मधल्या धावपळीत ते गाणं ती विसरूनही गेली होती. आपलं गाणं गाजतंय ही बातमी तिला कंपनीनं कळवली नव्हती. ती तिला रेडिओकडून कळली. हा प्रसंग तिनं स्वतःच पुढे सांगितला आहे.

ही गायिका म्हणजे विली मे थॉर्नटन. जग तिला 'बिग मामा' थॉर्नटन म्हणून ओळखतं. आणि ते गाणं होतं 'हाउंड डॉग'. हे नाव ऐकलं की आपल्यापैकी बहुतेकांना एल्विस प्रेस्ली आठवेल. मलाही तोच आठवायचा. कॉलेजात असताना एका मित्राच्या कॅसेटवर मी हे गाणं एल्विसच्या आवाजात ऐकलं आणि ते त्याचंच असं धरून चाललो. बिग मामाची मूळ रेकॉर्ड ऐकायला मिळाली ती कितीतरी वर्षांनी. तेव्हा मला जरा शरमल्यासारखं झालं. शब्दांवर जगणारा माणूस मी, आणि ते शब्द आधी कुणाच्या तोंडी होते हे विचारायचं मला कधी सुचलंच नव्हतं.

आज मला या बाईंच्या सुरुवातीच्या रेकॉर्डांविषयी बोलायचं आहे. साधारण १९५१ ते १९५७ या सहा-सात वर्षांतलं हे काम.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. ब्लूज हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं गाणं. कापसाच्या शेतांत, रेल्वेच्या कामांवर, चर्चच्या आवारात आणि दारूच्या गुत्त्यांत ते वाढलं. १९२० मध्ये मेमी स्मिथ या गायिकेची 'क्रेझी ब्लूज' ही रेकॉर्ड निघाली आणि तुफान खपली. काळ्या माणसांच्या खिशातही रेकॉर्डपुरते पैसे असतात, हे त्या वेळी कंपन्यांच्या लक्षात आलं. म्हणजे ब्लूजच्या रेकॉर्डांचा बाजार उघडला तो एका बाईनं. पुढे बेसी स्मिथसारख्या गायिकांनी तो गाजवला. मात्र या रेकॉर्डांची यादी वेगळी असे आणि तिला नाव होतं 'रेस रेकॉर्ड्‌स', म्हणजे एका वंशाच्या रेकॉर्डा. जेवणाची टेबलं वेगळी, बसमधल्या जागा वेगळ्या, तशी गाण्यांची यादीही वेगळी. १९४९ मध्ये 'बिलबोर्ड' या व्यापारी साप्ताहिकानं हे नाव काढून टाकलं आणि त्या जागी 'रिदम अँड ब्लूज' असं लिहायला सुरुवात केली. नाव सभ्य झालं, पण यादी वेगळी ती वेगळीच राहिली.

विली मेचा जन्म ११ डिसेंबर १९२६ चा, दक्षिणेतल्या अलाबामा राज्यातला. वडील धर्मोपदेशक, आई चर्चमध्ये गाणारी, घरात सात भावंडं. आई लवकर गेली. शाळा सुटली आणि पोरगी एका गुत्त्यात कामाला लागली. फरशी पुसायची, पिकदाण्या धुवायच्या. तिला गाणं कुणी शिकवलं नाही. माउथ ऑर्गन आणि ड्रम ती इतरांना बघून बघून शिकली. स्वरलिपी तिला वाचता येत नव्हती. बेसी स्मिथ आणि मेम्फिस मिनी यांच्या गाण्यांवर तिचा कान तयार झाला. चौदा-पंधराव्या वर्षी ती 'हॉट हार्लेम रेव्ह्यू' या फिरत्या कंपनीत दाखल झाली. गाणं, नाच, विनोद असं सगळं मिळून चालणारी ही मंडळी. गावोगाव फिरायचं, तंबूत नाहीतर थिएटरात खेळ करायचा. माइक बिघडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचला पाहिजे, ही तिथली शाळा. त्या शाळेत तिनं सात वर्षं काढली.

१९४८ मध्ये तिनं ही कंपनी सोडली आणि टेक्सासमधल्या ह्यूस्टन शहरात मुक्काम केला. तिथं तिची गाठ पडली डॉन रोबी या माणसाशी. हा गृहस्थ स्वतः कृष्णवर्णीय. ह्यूस्टनमध्ये त्याचा 'ब्रॉन्झ पीकॉक' नावाचा नामांकित क्लब होता. १९४९ मध्ये त्यानं 'पीकॉक रेकॉर्ड्‌स' ही कंपनी काढली. कृष्णवर्णीयांच्या मालकीची रेकॉर्ड कंपनी ही त्या काळात विरळा गोष्ट होती. विली मे त्याच्या क्लबात गाऊ लागली आणि १९५१ मध्ये तिचा पीकॉकशी करार झाला.

पीकॉकवरची तिची पहिली रेकॉर्ड 'पार्टनरशिप ब्लूज'. ७८च्या वेगाची तबकडी, एका बाजूला एक गाणं, अडीच-तीन मिनिटांचं. ती फारशी चालली नाही. पुढचीही चालली नाही. पण आज ही गाणी ऐकताना मजा येते. मागं ट्रम्पेट-सॅक्सोफोनचा मोठा ताफा आणि त्यातून वाट काढत येणारा हा आवाज. ताफ्याला अजून बाईचा अंदाज आलेला नाही आणि बाईलाही माइकचा.

यातलं एक गाणं मला विशेष वाटतं. 'नो जोडी फॉर मी.' हा जोडी कोण? अमेरिकन सैनिकांच्या कवायतीच्या गाण्यांत आणि काळ्या लोकांच्या लोककथांत 'जोडी' नावाचं एक पात्र आहे. नवरा लढाईवर गेला की त्याच्या घरी येऊन बसणारा, त्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा, त्याच्या खुर्चीत आराम करणारा आयतोबा. ते दिवस कोरियाच्या युद्धाचे होते. सैनिकांच्या गाण्यांतून जोडीबद्दल पुरुष बोलत होते. इथं ती बाईच बोलते आहे. एका फालतू माणसाला दारातूनच वाटेला लावणारी ही बाई पुढं 'हाउंड डॉग'मध्ये पुन्हा भेटते.

१९५२ मध्ये रोबीनं तिला जॉनी ओटिसच्या ताफ्याबरोबर दौऱ्यावर पाठवलं. जॉनी ओटिस हा एक विलक्षण माणूस. आईवडील ग्रीसमधून आलेले, म्हणजे जन्मानं गोरा. पण वाढला काळ्यांच्या वस्तीत आणि आपण त्यांच्यातलेच असं ठरवून आयुष्यभर तसाच राहिला. या ताफ्याबरोबर विली मे न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या अपोलो थिएटरात पोचली. अपोलोचे प्रेक्षक फार कडक. आवडलं नाही तर तोंडावर हुर्यो करत. जाहिरातीत तिचं नाव मागं कुठंतरी होतं. पहिल्याच खेळात तिनं डोमिनोज या गाजलेल्या मंडळींचं गाणं गायलं आणि थिएटर डोक्यावर घेतलं. दुसऱ्या दिवशी दारावरच्या दिव्यांत तिचं नाव वर चढलं. 'बिग मामा' हे नाव तिला अपोलोचे चालक फ्रँक शिफमन यांनी दिलं असं ती सांगे. अंगानं ती उंच, धिप्पाड. गायिकांनी झगमगीत झगे घालायचे ते दिवस, आणि हिला शर्ट-पँट आवडायची. त्यामुळं नाव चिकटलं. पण मला वाटतं, ते नाव अंगापेक्षा आवाजाला जास्त शोभतं.

आता त्या दिवसाकडे येऊ. १३ ऑगस्ट १९५२, लॉस एंजल्स. ध्वनिमुद्रणासाठी नवी गाणी हवी होती म्हणून जॉनी ओटिसनं दोन पोरांना बोलावून घेतलं. जेरी लीबर आणि माइक स्टोलर. दोघंही ज्यू, दोघंही १९ वर्षांचे, काळ्यांच्या गाण्याचे वेडे. एक शब्द लिही, दुसरा चाल बांधी. ओटिसच्या घरी तालमीत त्यांनी बिग मामाला बघितलं, ऐकलं आणि थक्क झाले. चेहऱ्यावर व्रण, धाक वाटावा असा देह आणि असा आवाज! या बाईला शोभेल असंच गाणं पाहिजे म्हणून दोघं बाहेर पडले. गाडीतच लीबर टपावर ताल धरून शब्द जुळवू लागला. दहा-पंधरा मिनिटांत गाणं तयार.

'हाउंड डॉग' म्हणजे शिकारी कुत्रा. पण काळ्यांच्या बोलीत त्याचा अर्थ वेगळा. बाईच्या जिवावर जगणारा, दाराशी घुटमळणारा, कामाचा ना धामाचा असा पुरुष. गाण्यातली बाई त्याला सरळ सांगते, की तुझं सोंग मी ओळखलं आहे, आता इथं तुला काही मिळायचं नाही. वरवर कुत्र्याचं गाणं, आत माणसाची झडती.

पहिल्यांदा बिग मामानं ते हळुवार आळवून गायलं. लीबर धीर करून म्हणाला, असं नको. बाई भडकली. गाणं कसं गायचं हे हा पोरगा मला शिकवणार! शेवटी लीबरनं स्वतः म्हणून दाखवलं आणि तिला त्या गाण्याची किल्ली सापडली. ध्वनिमुद्रणाला ओटिस स्वतः ड्रमवर बसला. गिटारवर पीट लुइस. मोठा ताफा बाजूला ठेवला. गिटार, बास आणि ड्रम, बस्स. ट्रम्पेट नाही, सॅक्सोफोन नाही. दोनदा गाऊन काम झालं.

ही रेकॉर्ड ऐकताना पहिल्या शब्दालाच माणूस दचकतो. आवाज घोगरा, पण सूर कुठंही घसरत नाही. ओळीच्या शेवटी ती शब्द चावून टाकते. मध्ये गिटार एकटी वाजते, तेव्हाही बाई गप्प नाही. ती गिटारवाल्याशी बोलते, त्याला चिथावते, हसते. ते बोल कुठं लिहिलेले नव्हते. शेवटी ताफ्यातले लोक कुत्र्यासारखे भुंकतात, विव्हळतात. सगळा प्रकार तीन मिनिटांच्या आत संपतो आणि आपण भांडण ऐकून आलोय की नाटक बघून, ते कळत नाही.

१९५३ च्या सुरुवातीला रेकॉर्ड बाजारात आली. रिदम अँड ब्लूजच्या यादीत ती सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. तिला उत्तर देणारी, तिची नक्कल करणारी गाणी निघू लागली. मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्‌सनं रुफस थॉमस या गायकाकडून 'बेअर कॅट' नावाचं पुरुषाच्या बाजूचं उत्तर गाऊन घेतलं. चाल तीच! रोबीनं लगेच दावा ठोकला आणि जिंकला. छोट्या सन कंपनीला तो खर्च फार जड गेला. मित्रहो, इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. कायद्यानं या प्रकरणात कुणाचं संरक्षण केलं? कागदावर लिहिलेल्या गाण्याचं आणि त्याच्या प्रकाशकाचं. ज्या आवाजाची नक्कल झाली, त्या आवाजाचं नाव त्या निकालाच्या फायद्यात कुठंच नव्हतं.

त्या काळच्या अमेरिकन कायद्याची रीत अशी होती. शब्द आणि चाल यांच्यावर हक्क. एकदा गाणं रेकॉर्ड होऊन बाजारात आलं, की ठरलेले दोन सेंट दर प्रतीमागं भरून कुणीही ते पुन्हा गाऊ शकत होतं. ते पैसे गाणं ज्याच्या नावावर त्याला. ध्वनिमुद्रणाला केंद्रीय कायद्याचं संरक्षण मिळालं ते थेट १९७२ मध्ये. म्हणजे शब्दाला कितीतरी आधीपासून मालक होता, चालीला होता. त्या शब्दांत जीव ओतणाऱ्या गळ्याला मात्र कंपनीशी जो करार होईल तेवढंच. आणि करार करताना कंपनीकडे वकील असे, गायिकेकडे नसे.

गोऱ्यांनी काळ्यांना लुटलं, असं एका वाक्यात हे प्रकरण संपवता येत नाही. पैशाची किल्ली ज्याच्या हातात होती तो रोबी काळाच होता. इतरांच्या गाण्यांवर गीतकार म्हणून स्वतःचं नाव घालण्याबद्दल तो प्रसिद्ध होता. लीबर-स्टोलर या पोरांना त्यानं १२०० डॉलरचा चेक दिला, तो वटलाच नाही. गाण्याच्या श्रेयासाठी ओटिस कोर्टात गेला आणि १९५७ मध्ये हरला. म्हणजे त्या खोलीतल्या प्रत्येकाला वाटत होतं, की या गाण्यात आपला वाटा आहे. बिग मामालाही वाटत होतं. शब्दांत फेरफार, मधले बोल, ते विव्हळणं हे आपलं आहे, असं ती सांगत राहिली. पण तिचा दावा कुठल्या कागदावर आला नाही. लीबर-स्टोलर करार करताना कायद्यानं सज्ञान नव्हते, म्हणून त्यांना पुढं नव्यानं करार करता आला. तिला अशी कुठलीच पळवाट नव्हती.

पुढची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. लास व्हेगासला फ्रेडी बेल नावाच्या गायकाची मंडळी हे गाणं थट्टेच्या अंगानं गात होती. त्यांनी शब्द बदलले होते. बाईच्या दाराशी घुटमळणारा पुरुष गेला आणि खरोखरचाच कुत्रा आला, ससे पकडता न येणारा. १९५६ मध्ये एल्विसनं ते ऐकलं. २ जुलै १९५६ ला न्यूयॉर्कमध्ये त्यानं ते रेकॉर्ड केलं, तीसएक वेळा गाऊन. आदल्याच रात्री टेलिव्हिजनवर त्याला कोट घालून एका कुत्र्यासमोर हे गाणं गायला लावलं होतं! रेकॉर्डच्या एका बाजूला हे गाणं, दुसऱ्या बाजूला 'डोन्ट बी क्रूएल'. ती रेकॉर्ड अकरा आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिली. त्याच महिन्यात माइक स्टोलर युरोपहून परतत असताना त्याचं जहाज 'आंद्रेआ दोरिया' बुडालं. तो बचावून न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरला, तर लीबर तिथं उभा. हाती कोरडे कपडे आणि तोंडी बातमी, की आपलं गाणं गाजतंय.

बिग मामाच्या दारात अशी बातमी घेऊन कुणी आलं नाही. 'हाउंड डॉग'बद्दल आपल्याला एकूण एकच चेक मिळाला, ५०० डॉलरचा, असं ती शेवटपर्यंत सांगत होती.

एल्विस चांगला गायक होता, यात मला शंका नाही. बिग मामाची रेकॉर्ड त्याला ठाऊकही होती. माझी तक्रार वेगळी आहे. गाणं हातोहात जाताना त्यातून बाई नाहीशी झाली. एका बाईनं एका पुरुषाला ऐकवलेले चार खडे बोल मुलांच्या नाचाचं गाणं झाले. माझी दादी जात्यावर ओव्या म्हणायची. त्या ओव्यांना मालक नव्हता. शेजारीण दोन ओळी बदलून त्याच ओव्या आपल्या घरी म्हणायची. पण बदल करणारीही जात्यावर बसलेलीच असे, म्हणून ओवीतलं दुःख जागच्या जागी राही. गाणं दुसऱ्यानं गावंच. फक्त गाण्यातल्या माणसाला घराबाहेर काढू नये.

'हाउंड डॉग'नंतर पीकॉकनं तिच्या आणखी रेकॉर्डा काढल्या. 'दे कॉल मी बिग मामा', 'आय स्मेल अ रॅट', 'द बिग चेंज'. 'आय स्मेल अ रॅट'मध्ये तर तिचा आवाज संशयानं अक्षरशः फुसफुसतो. कंपनीतला दुसरा लोकप्रिय गायक जॉनी एस याच्याबरोबर तिनं 'येस बेबी' हे द्वंद्वगीतही गायलं. त्याचा आवाज मऊ, हिचा खरखरीत. रात्र आणि पहाट एकाच खोलीत बसल्यासारखी वाटतात. दोघं दौरेही एकत्र करत. २५ डिसेंबर १९५४ ला ह्यूस्टनच्या सिटी ऑडिटोरियममध्ये नाताळचा कार्यक्रम होता. मध्यंतरात पडद्यामागं जॉनी एस रिव्हॉल्व्हरशी खेळत होता. बिग मामा तिथंच होती. तिच्या जबानीनुसार तिनं एकदा ते त्याच्या हातून काढून घेतलं होतं. त्यानं ते परत मागून घेतलं, इकडं तिकडं रोखलं आणि मग स्वतःच्या डोक्याला लावलं. गोळी सुटली. वय वर्षं २५. त्यानंतर तिच्या एकाही रेकॉर्डला पहिलं यश मिळालं नाही. १९५७ मध्ये पीकॉकशी संबंध संपला आणि ती कॅलिफोर्नियात गेली.

तिथं तिनं छोट्या क्लबांतून गाऊन दिवस काढले. १९६५ मध्ये ब्लूजच्या कलावंतांबरोबर ती युरोपला गेली आणि तिथल्या तरुणांनी तिला डोक्यावर घेतलं. तिनं स्वतः लिहिलेलं 'बॉल अँड चेन' हे गाणं जॅनिस जॉप्लिन या गोऱ्या गायिकेनं १९६७ च्या माँटरे महोत्सवात गायलं आणि ते जगभर पोचलं. जॅनिसनं तिची परवानगी घेतली होती, तिचं नावही ती आवर्जून घ्यायची. पण त्या गाण्याचे हक्क आधीच एका लहान कंपनीकडे अडकले होते. इथं तर शब्दही तिचेच होते. तरी पुन्हा तेच झालं.

२५ जुलै १९८४ ला लॉस एंजल्समधल्या एका भाड्याच्या खोलीत ती वारली. वय ५७. दारूनं आणि आजारानं तो धिप्पाड देह पार वाळून गेला होता. अंत्यविधीला प्रार्थना म्हटली ती जॉनी ओटिसनं. त्या ऑगस्टच्या दिवशी तिच्यामागं ड्रम वाजवणारा तोच. २०२४ मध्ये 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'नं तिचा समावेश केला. तिच्या मृत्यूनंतर ४० वर्षांनी. एल्विस तिथं १९८६ मध्ये, पहिल्याच तुकडीत गेला होता.

आपण मराठी माणसांनी हे कशासाठी ऐकायचं? आपलं या लोकांशी जुनं नातं आहे. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली, तिनं नाव घेतलं ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. जनार्दन वाघमारे यांच्यासारख्या अभ्यासकांनी काळ्या लेखकांचं साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणलं. माझ्या पिढीच्या कवींनी ते वाचून वही उघडली. पण आपण त्यांची पुस्तकं वाचली, त्यांची गाणी त्या मानानं कमी ऐकली. आणि पुस्तकांपर्यंत न पोचलेल्या बायका गाण्यांत आहेत. पिकदाण्या धुणारी मुलगी आत्मचरित्र लिहीत नाही. ती गाते.

१९९२ मध्ये पीकॉकच्या काळातली तिची निवडक गाणी एका सीडीवर निघाली. आता तर ती मोबाइलवरही सहज मिळतात. माझी एवढीच विनंती आहे. आधी एल्विसचं 'हाउंड डॉग' ऐका, मजेत ऐका. मग दिवा मालवून बिग मामाचं ऐका. इंग्रजी शब्द कळले नाहीत तरी हरकत नाही. दारात उभं राहून एक बाई कुणाला तरी परत पाठवते आहे, एवढं नक्की कळेल.